वर्ल्डकॅटवर मराठी पुस्तकं शोधताना : दहा महिन्यांच्या वापरानंतर

जुन्या मराठी पुस्तकांसाठी, म्हणजे साधारण 1870 ते 1960 या काळातल्या, वर्ल्डकॅट (जगभरच्या ग्रंथालयांची एकत्रित ऑनलाइन सूची) दहा महिने रोज वापरल्यावरचं मत असं : साधन फार मोलाचं आहे, पण 'काही सापडलं नाही' हे त्याचं उत्तर पहिल्या फटक्यात मानू नये. पुष्कळदा पुस्तक नोंदलेलं असतं, आपलं स्पेलिंग वेगळं असतं.

अमेरिकेतल्या लायब्ररी ऑफ काँग्रेसचं दिल्ली कार्यालय 1962 पासून आपल्या भाषांतली पुस्तकं तिकडच्या विद्यापीठांसाठी गोळा करत आलं. त्या पुस्तकांच्या वर्ल्डकॅटमधल्या नोंदी रोमन लिपीत आहेत आणि बऱ्याच नोंदींत देवनागरी मजकूरच नाही. रोमनीकरणाचे नियमही आपल्या सवयीचे नाहीत. 'च'ला सीएच नव्हे, नुसता सी. 'श'ला एस, पण 'ष'ला एसएच. 'क्ष'ला केएसएच. शब्दाच्या शेवटचा आणि मधला 'अ' सहसा लिहिलेला असतो. म्हणून 'शिवचरित्र' हवं असेल तर एस-आय-व्ही-ए-सी-ए-आर-आय-टी-आर-ए असं टाइप करावं. खांडेकर, केळकर यांच्या शेवटी जादा 'ए' जोडावा. अक्षरांवरच्या-खालच्या खुणा टाइप करायची गरज नाही. अनुस्वार पुढच्या अक्षरावर ठरतो : 'संत'मध्ये एन, 'संशोधन'मध्ये एम. इथेच सगळ्यात जास्त शोध फसतात. खात्री नसेल तर शब्दाची पहिली चार-पाच अक्षरं लिहून पुढे तारांकन (*) द्यावं.

देवनागरीतून शोधायला हरकत नाही, पण त्यावर भिस्त ठेवू नये. 'दऱ्या'मधला र दोन तऱ्हांनी साठवलेला असतो, 'ॲ'सुद्धा. पडद्यावर फरक दिसत नाही, शोधयंत्राला मात्र दिसतो. शिवाय 1962 च्या शुद्धलेखन नियमांआधीच्या मुखपृष्ठांवर 'कांहीं', 'मराठ्यांचीं' असे अनुस्वार आहेत आणि ते नोंदीत तसेच उतरतात.

वर्षाची गाळणी शेवटी लावावी. जुन्या पुस्तकांवर साल शालिवाहन शकात दिलेलं असतं. शके 1822 म्हणजे चैत्रापासून डिसेंबरपर्यंत इसवी 1900 (78 मिळवून) आणि जानेवारीपासून फाल्गुनअखेर 1901 (79 मिळवून). नोंद करणाऱ्याने शक हाच इसवी सन समजला असेल तर 1900 ची गाळणी लावताच पुस्तक गायब होतं.

एकाच आवृत्तीच्या दोन-तीन नोंदी असणं नेहमीचं आहे, कारण वेगवेगळ्या ग्रंथालयांनी आपापल्या नोंदी चढवलेल्या असतात. प्रत्येक नोंदीखाली प्रती असलेल्या ग्रंथालयांची यादी वेगळी असते, तेव्हा सगळ्या नोंदी उघडाव्यात. ओसीएलसी क्रमांक (वर्ल्डकॅट चालवणाऱ्या ओसीएलसी या संस्थेचा नोंदीवरचा क्रमांक) टिपून ठेवावा. पुढच्या वेळी पानावर थेट पोचता येतं आणि आंतरग्रंथालयीन देवघेवीच्या अर्जातही तो उपयोगी पडतो.

विषय-शीर्षकं इंग्रजीत आणि ठरावीक साच्यात असतात. एक हाती लागलेलं पुस्तक उघडून त्याच्या विषयावर क्लिक करणं, हा आतापर्यंतचा सर्वांत फलदायी मार्ग वाटला. स्वतः शब्द सुचवत बसण्यापेक्षा कितीतरी बरा.

मोठी उणीव म्हणजे आपल्या गावोगावच्या नगरवाचनालयांचे संग्रह. ते इथे मिळतील अशी अपेक्षा ठेवू नये. तिथे प्रत्यक्ष जाऊन किंवा फोन करूनच विचारावं लागतं. भारतीय विद्यापीठांसाठी इन्फ्लिबनेट या संस्थेची इंडकॅट ही संघसूची (अनेक ग्रंथालयांची एकत्र सूची) सोबत उघडी ठेवावी.

आणि 1950 पर्यंतच्या पुस्तकांसाठी संगणक उघडण्याआधी शं. ग. दाते यांची मराठी ग्रंथसूची बघावी. पहिला खंड 1800 ते 1937, दुसरा 1938 ते 1950. पुस्तकाचं नेमकं नाव, लेखक आणि साल तिथून उतरवून घ्यावं, मग वरच्या नियमांनी रोमन करून वर्ल्डकॅटवर प्रत कुठे आहे ते शोधावं. उलट क्रमाने गेलं की वर्ल्डकॅटवर जे सापडलं तेवढंच छापलं गेलं होतं असा समज होतो, आणि प्रबंधाची संदर्भसूची तिथेच लंगडी पडते.