कोबोटूलबॉक्स, अकरा महिन्यांनंतर: फॉर्मचं काम सोपं झालं, माणसं मोजण्याचं नाही

अकरा महिन्यांपूर्वी आमच्या संस्थेने कागदी फॉर्म बंद केले आणि कोबोटूलबॉक्सवर, म्हणजे फोनवर फॉर्म भरून माहिती गोळा करायच्या साधनावर, माहिती भरायला सुरुवात केली. संस्थेत एमआयएसचं, म्हणजे प्रकल्पांची माहिती गोळा करून अहवालासाठी मांडण्याचं, काम माझ्याकडे आहे. म्हणजे तिमाही अहवालाच्या आठवड्यात सगळ्यांचे फोन मलाच येतात. तेव्हा तीन प्रकल्प चालू होते आणि माझ्या लॅपटॉपवर ‘अंतिम’, ‘अंतिम नवीन’, ‘अंतिम खरंच’ अशा नावांच्या एक्सेल फाइली होत्या. त्यातली खरोखर अंतिम कुठली, हे फक्त मला माहीत असायचं, आणि कधीकधी मलाही नसायचं.

ज्यांनी हे वापरलेलं नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. कोबोटूलबॉक्स हार्वर्ड ह्युमॅनिटेरियन इनिशिएटिव्हमधून आलं. त्याच्या मुळाशी ओपन डेटा किट हा फोनवर माहिती गोळा करायचा खुला सॉफ्टवेअर-संच आहे, ज्याची सुरुवात २००८ मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठात झाली. फॉर्म वेबसाइटवर एकेक प्रश्न जोडत बनवता येतो किंवा थेट एक्सेलमध्ये लिहून अपलोड करता येतो. कार्यकर्ते तो अँड्रॉइड फोनवर कोबोकलेक्ट अ‍ॅपमध्ये भरतात. नेट नसलं तरी भरता येतो आणि रेंज आली की पाठवता येतो. मोफत खात्यावर दरमहा किती नोंदी आणि किती साठा याला मर्यादा आहे, ती सुरुवातीलाच बघून घ्या.

फॉर्म एक्सेलमध्ये लिहायला शिका, हा माझा पहिला आणि आग्रहाचा सल्ला. survey (प्रश्न) आणि choices (उत्तरांचे पर्याय) अशा दोन शीटवर बहुतेक सगळं काम होतं. एका रांगेत एक प्रश्न, एका स्तंभात अट. ‘जमीन आहे का’ला ‘नाही’ म्हटलं की जमिनीचे पुढचे सगळे प्रश्न गायब. वय १२० च्या पुढे गेलं की फॉर्म पुढे सरकतच नाही. कागदावर असल्या चुका आम्हाला दोन महिन्यांनी दिसायच्या, तेही दिसल्या तर. मराठीसाठी लेबलचा वेगळा स्तंभ जोडला की कार्यकर्त्याला प्रश्न मराठीत दिसतो आणि निर्यात केलेल्या, म्हणजे वेबसाइटवरून उतरवून घेतलेल्या, तक्त्यात मात्र हवं तर उत्तराचं ठरलेलं कोडच घेता येतं. एवढ्यासाठीसुद्धा मी हे साधन सोडणार नाही.

आता आमच्या चुका.

पहिल्या तीन महिन्यांत मी चालू फॉर्ममध्ये मनाला येईल तेव्हा बदल केले. कुणी म्हणालं ‘शिक्षण’च्या पर्यायांत आयटीआय नाही, घातलं. कुणी म्हणालं प्रश्नाचं नाव नीट नाही, बदललं. प्रश्नाचं अंतर्गत नाव बदललं की ॲपच्या दृष्टीने तो नवा प्रश्न असतो. निर्यातीत एकाच माहितीचे दोन स्तंभ आले, अर्धा एकीकडे भरलेला आणि अर्धा दुसरीकडे. शिवाय निर्यात करताना ‘सगळ्या आवृत्त्यांतले रकाने घ्या’ ही खूण काढली तर जुन्या आवृत्तीतले रकाने तक्त्यात येतच नाहीत. आमच्या एका बैठकीत ‘बेसलाइनचा (प्रकल्प सुरू होतानाच्या पाहणीचा) डेटा उडाला’ अशी रडारड झाली होती. उडाला काहीच नव्हता, मी ती खूण काढून ठेवली होती. तेव्हापासून फॉर्म महिन्यातून एकदाच बदलतो, आणि काय बदललं हे एका वहीत तारखेसह लिहून ठेवतो. हो, वहीत.

दुसरा प्रसंग फोनचा. आमच्या एका ताईंनी चार दिवस घरोघरी जाऊन फॉर्म भरले आणि प्रत्येक फॉर्म जतन केला. जतन केला म्हणजे पोहोचला, असं त्यांना वाटलं, कारण प्रशिक्षणात हा फरक मी एका वाक्यात उरकला होता. ॲपमध्ये आपोआप पाठवण्याची सोय आहे, ती आम्ही चालू केली नव्हती. पाचव्या दिवशी फोन पाण्यात पडला. त्यांनी जुन्या सवयीने कच्च्या नोंदी रजिस्टरमध्येही ठेवल्या होत्या म्हणून निभावलं. ‘दादा, तुम्ही रजिस्टर बंद करा म्हणाला होतात,’ एवढंच त्या म्हणाल्या. आता प्रत्येक नव्या कार्यकर्त्याला मी आधी ‘पाठवायचे बाकी’ आणि ‘पाठवले’ या दोन याद्या दाखवतो, प्रश्नांची ओळख त्यानंतर.

पण खरी डोकेदुखी वेगळीच होती, आणि तिच्यासाठीच हे लिहायला बसलो. अहवालात एक ओळ असते: या तिमाहीत किती लोकांपर्यंत पोहोचलो. पूर्वी आम्ही तिन्ही प्रकल्पांच्या हजेऱ्यांची बेरीज करून द्यायचो. कोबोमध्ये सगळं एका ठिकाणी आल्यावर मला वाटलं, आता हा आकडा एका क्लिकवर निघेल. निघालाही, आणि बघून घाम फुटला. बचत गटाच्या बैठकीला आलेली, शेतीच्या प्रशिक्षणाला आलेली आणि आरोग्य तपासणीला आलेली एकच बाई तीन जणी म्हणून मोजली जात होती. एका नोंदीत ‘सुनीता’, दुसरीत ‘सुनिता’, तिसरीत नवऱ्याचं नाव आधी. माणसाला कळतं की ही एकच आहे, एक्सेलला कळत नाही.

मग प्रत्येक घराला एक क्रमांक आणि घरातल्या प्रत्येकाला त्यापुढे दोन अंक, अशी सहा अंकी ओळख ठरवली. महिनाभरात पुन्हा जुळेना. कारण शोधायला मला पूर्ण दोन दिवस लागले. ओळख क्रमांकाचा प्रश्न मी ‘मजकूर’ प्रकारचा ठेवला होता, म्हणजे सुरुवातीचं शून्य जाऊ नये. काही जणांचा कीबोर्ड मराठी होता. त्यांनी ००४२०३ असं देवनागरीत टाइप केलं, बाकीच्यांनी इंग्रजी अंकांत. वाचणाऱ्याला दोन्ही एकच क्रमांक, पण याद्या जुळवणाऱ्या एक्सेलच्या व्हीलुकअप सूत्राला ते दोन वेगळे मजकूर. त्यात ज्या नोंदी मी सीएसव्ही (साध्या मजकुराची तक्ता-फाइल) म्हणून उतरवून एक्सेलमध्ये सरळ उघडल्या, त्यातली पुढची शून्यं एक्सेलने खाल्ली आणि मराठी नावांच्या जागी अगम्य चिन्हं दिसायला लागली. हे एक्सेलचे जुने चाळे आहेत. सीएसव्ही दोनदा क्लिक करून उघडू नका, ‘डेटा’ मेनूतून आयात करा, तिथे यूटीएफ-८ (मराठी अक्षरं नीट दाखवणारी लिपी-पद्धत) निवडा आणि क्रमांकाचा स्तंभ ‘मजकूर’ म्हणून घ्या.

आता प्रत्येक घरी क्यूआर कोडचं कार्ड आहे. फॉर्ममधला बारकोडचा प्रश्न ते स्कॅन करतो, फॉर्मला जोडलेल्या यादीतून नाव उचलतो आणि विचारतो, ‘हीच व्यक्ती का?’ कार्ड हरवलं तर क्रमांक हाताने टाकता येतो, पण इंग्रजीतले (0 ते 9) बरोबर सहा अंक सोडून दुसरं काही चालत नाही. हे बसल्यावर पुढच्या तिमाहीत आमचा ‘पोहोचलेल्या लोकांचा’ आकडा आधीपेक्षा बराच खाली आला. संचालकांनी विचारलं, काम कमी झालं का? निधी देणाऱ्या संस्थेला एक पानी खुलासा लिहावा लागला. तो लिहिताना लाज वाटली, पण खोटा आकडा रेटत राहण्यापेक्षा ते सोपं होतं.

आणखी एक गोष्ट कुठलंही ॲप करून देणार नाही. ‘प्रशिक्षित महिला’ म्हणजे कोण? तीनपैकी एकच दिवस आलेली की तिन्ही दिवस? आमच्या तीन प्रकल्पांत याची तीन उत्तरं होती, कारण तिन्ही लॉगफ्रेम (प्रकल्पाची उद्दिष्टं आणि ती मोजायचे निर्देशक मांडणारे तक्ते) वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या माणसांनी लिहिल्या होत्या. शेवटी प्रत्येक निर्देशकासाठी अर्धं पान लिहिलं: काय मोजायचं, कोण मोजणार, किती दिवसांनी, आणि कोणाला धरायचं नाही. हे कोबोच्या आधी करायला हवं होतं. फॉर्म बनवणं इतकं सोपं असतं की माणूस विचार न करता प्रश्न घालत सुटतो.

कोणी घ्यावं? सर्वेक्षण, बेसलाइन, भेटीच्या नोंदी असतील तर डोळे झाकून घ्या. एकाच बाळाचा किंवा रुग्णाचा वर्षभर पाठपुरावा करायचा असेल तर आमच्यासारखी याद्या जोडण्याची कसरत करण्यापेक्षा कॉमकेअर बघा, त्यात प्रत्येक व्यक्तीची केस उघडी राहते. केंद्रांकडून महिन्याचे एकत्रित आकडे गोळा करून तक्ते आणि नकाशे दाखवायचे असतील तर ओस्लो विद्यापीठातलं डीएचआयएस२ त्यासाठीच आहे, पण ते चालवायला तांत्रिक माणूस लागतो. परवानग्यांचं तेवढं नीट करा. सुरुवातीला आमच्या सगळ्यांचा एकच पासवर्ड होता, म्हणजे कोणीही कोणाच्याही घराची माहिती बघू शकत होतं. प्रत्येकाला वेगळं खातं देऊन ठरावीक लोकांच्याच नोंदी दाखवता येतात. लोक आपल्याला घरातलं सांगतात, ते चौदा फोनवर फिरायला नको.

सध्या घर-सर्वेक्षणाचा ९४ प्रश्नांचा फॉर्म कापायचं काम चालू आहे. गेल्या बैठकीत प्रत्येक प्रश्नापुढे लिहायचं होतं, याचं उत्तर कुठल्या अहवालात जातं. ‘घरात पंखा किती’ यापुढे कोणालाच काही लिहिता आलं नाही, हा प्रश्न कोणी घातला हेही आठवेना. तरी एक जण म्हणाले, ‘राहू दे, कधीतरी लागेल.’ तो प्रश्न अजून फॉर्ममध्ये आहे.