क्लासमेट्स: आधी कोट्टायमचा, मग आपला

मराठी ‘क्लासमेट्स’ (२०१५) आमच्या ग्रुपला तोंडपाठ. पण तो मल्याळमवरून घेतलाय, हे बडोद्यात फारसं कुणाच्या गावी नाही. मलाही फतेहगंजच्या आमच्या बिल्डिंगमधल्या मल्याळी काकूंनी मूळ सिनेमा आग्रहाने दाखवला.

तो दिग्दर्शक लाल जोसचा, २००६ चा. लेखन जेम्स अल्बर्टचं, कॉलेज कोट्टायमचं सीएमएस. मुरली कॉलेजात असतानाच गेला. त्याचे वडील, म्हणजे प्राध्यापक अय्यर, बऱ्याच वर्षांनी त्याच्या वर्गमित्रांना एकत्र बोलावतात. आणि रात्री होस्टेलमध्ये सुकुमारन (पृथ्वीराज) बेशुद्ध सापडतो, गळ्याला गिटारची तार आवळलेली! पुढचं सांगणार नाही.

रहस्य चोख आहेच, पण मला रमवलं ते निवडणुकीने. घोषणा, पॅनलं, फोडाफोडी. जयसूर्याचा सतीशन बघताना आमच्या वेळचा ‘जीएस’चा (जनरल सेक्रेटरीचा) एक उमेदवार डोळ्यांसमोर आला. दुपारी आपल्या पॅनलला सेवउसळ खिलवायचा, संध्याकाळी गुपचूप समोरच्या पॅनलला, आणि दोन्हीकडे उधारी दुसऱ्याच्याच नावावर. महाराष्ट्रात कॉलेजच्या थेट निवडणुका नव्वदच्या दशकात बंद झाल्या, म्हणून पुण्याच्या मावसबहिणीला हा भाग लांबलेला वाटतो. इथल्या सयाजीराव युनिव्हर्सिटीत शिकली असती तर नसता वाटला.

राधिकाची रझिया मात्र सगळ्यांवर कडी. कॉलेजभर बुरख्यात वावरणारी, कुणाच्या खिजगणतीत नसलेली मुलगी. दुसऱ्यांदा बघताना मी हिरोला सोडून तिलाच शोधत बसले.

तेलुगू रिमेकमध्ये (२००७) सुमंत आहे, बरा आहे. तमिळ ‘निनैत्ताले इनिक्कुम’मध्ये (२००९) पुन्हा पृथ्वीराजच, तोच चेहरा, तीच भानगड, मग मूळच का बघू नये? आदित्य सरपोतदारचा मराठी अवतार या दोघांपेक्षा सरस. अंकुश चौधरीचा रुबाब आहे, गाणी गरब्याच्या प्रॅक्टिसलाही वाजतात. फक्त त्यात दोस्ती इतकी पुढे येते की राजकारण नुसतं तोंडी लावायला उरतं.

मराठी पाहिलेल्यांना शेवट माहीत असणारच. तरी मूळ बघा, सबटायटल लावून. मल्याळमला पाचात साडेचार. मराठीला साडेतीन, आणि त्यातला अर्धा एकट्या सई ताम्हणकरच्या अप्पूचा.