कार्व्हिंगसाठी बोर्ड बनवून घ्यायचाय? आधी कंबर, मग त्रिज्या, लांबी शेवटी

ऑल-माउंटन, म्हणजे कुठल्याही उतारावर चालणाऱ्या स्नोबोर्डावर चार-पाच सीझन काढले, आता कार्व्हिंगची, म्हणजे न घसरता, बर्फाला हात टेकेल इतकं झुकून वळणं घ्यायची हौस आली, की बहुतेकांचा पहिला प्रश्न ठरलेला: लांबी किती घेऊ, 160 सें.मी. की 168? बोर्ड मापाप्रमाणे बनवून घेणार असाल तर हा प्रश्न सगळ्यात शेवटी विचारा. आधी बूट ठरवा. बुटांवरून पाय बोर्डावर किती वळवायचे ते कोन ठरतात आणि कोनांवरून बोर्डाची कंबर, म्हणजे मधली सगळ्यात अरुंद जागा. मग त्रिज्या. लांबीला त्यानंतर फारशी निवड उरतच नाही.

समोर मुख्यतः दोन पर्याय आहेत. एक, नेहमीच्या मऊ बुटांसाठीचा, म्हणजे सॉफ्टबुटांसाठीचा, रुंद कार्व्हिंग बोर्ड: कंबर साधारण 26 ते 28 सें.मी., साइडकटची, म्हणजे बोर्डाच्या कडेच्या आत वळलेल्या कमानीची, त्रिज्या 8 ते 10 मीटर. दुसरा, हार्डबुटांसाठीचा, म्हणजे कडक कवचाच्या बुटांसाठीचा, अरुंद फ्रीकार्व्ह बोर्ड: कंबर 19 ते 21 सें.मी., त्रिज्या 11 ते 14 मीटर, लांबी 165 ते 175 सें.मी. जायंट स्लालमचा, म्हणजे रोवलेल्या खुणांना वळसे घेत उतरायच्या शर्यतीचा, बोर्ड हा तिसरा, पण त्याच्या वाटेला का जाऊ नये ते पुढे येईलच.

कंबरेत सहा-सात सेंटिमीटरचा फरक कशासाठी? बोर्ड एजवर, म्हणजे धारदार कडेवर, कलला की बुटाचं टोकही बर्फाकडे झुकतं. समजा, बोर्डाची जाडी आणि बाइंडिंगचा, म्हणजे बूट बोर्डाला जखडणाऱ्या पकडीचा, तळ धरून बुटाचं टोक बोर्डाच्या तळापासून 3 सें.मी. वर आहे आणि एजच्या बाहेर 3 सें.मी. डोकावतंय. बोर्ड 45 अंशांना कलला की टोक बर्फाला टेकलंच. तेच टोक दीडच सेंटिमीटर बाहेर असेल, तर साधारण 63 अंशांपर्यंत मोकळीक मिळते. एज बर्फात थोडी रुतते, त्यामुळे प्रत्यक्षात याच्या जरा आधीच टेकतं. हे तपासायला यंत्र लागत नाही. चेअरलिफ्टमधून खाली बर्फावर उमटलेली आपल्या बोर्डाची रेघ बघा. टो-साइडच्या, म्हणजे पायाच्या बोटांकडच्या एजवरच्या वळणावर बारीक, स्वच्छ रेघेला लागून दुसरी भुरकट खरवड दिसली, तर ती बुटाची. थोडं पुढे रेघ तुटून पसरट पट्टा झालेला दिसेल. तिथे बुटाने एज उचलली आणि तुम्ही घसरलात.

यातून सुटायच्या वाटा दोनच: बोर्ड रुंद करा, नाहीतर पाय वळवा. (बाइंडिंगखाली रायझर, म्हणजे ठोकळा, घालून उंची वाढवता येते, पण ती डागडुजी झाली. नवा बोर्ड बनवून घेताना तिच्या भरवशावर राहू नये.) सॉफ्टबुटांत पाय बरेचसे आडवे राहतात, म्हणून कंबर जवळजवळ तळपायाच्या लांबीइतकी घ्यावी लागते. तळपाय 27 सें.मी. असेल तर 27 च्या आसपास. हार्डबुटांत पाय 55 ते 65 अंश पुढे वळवतात. 60 अंशांना त्याच 27 सें.मी. पायाची आडवी व्याप्ती निम्म्यावर, साडेतेरावर येते, आणि बुटाची रुंदी धरूनही सगळं 20 सें.मी.च्या आसपास बसतं. मग सॉफ्टबूट घालूनच पाय 60 अंशांना का वळवू नयेत? वळवता येतात, पण त्या कोनात बोर्ड एजवर घालायला बाजूने आधार लागतो आणि मऊ बूट तिथेच दगा देतो.

चालवताना हा फरक लगेच कळतो. अरुंद बोर्ड एका एजवरून दुसऱ्या एजवर चटकन पडतो. रुंद बोर्डाला तेच करायला जास्त वेळ आणि घोट्यांचा जास्त जोर लागतो. वळणं जोडताना मधला तो रेंगाळलेला क्षण जाणवतो, पहिल्या दिवशी तर वैतागच आणतो. उलट, हार्डबुटांत पार्किंगमधून लिफ्टपर्यंत चालणं हीच एक शिक्षा. शिवाय नवे बूट आणि त्यांना लागणारं प्लेट बाइंडिंग यांचा खर्च वेगळा, आणि बहुतेक दुकानांत ते घालूनही बघता येत नाहीत.

आता त्रिज्या. बोर्ड जितका कलतो, तितकं वळण साइडकटच्या त्रिज्येपेक्षा लहान होतं. 60 अंशांना बरोबर निम्मं. म्हणजे 13 मीटर त्रिज्येचा बोर्ड साडेसहा मीटरचं वळण घेतो, 9 मीटरचा साडेचारचं. पण त्रिज्येबरोबर वेगही येतो, आणि ऑर्डर देताना लोक नेमके हेच विसरतात. सपाट जमीन धरून आदर्श गणित मांडलं, तर न घसरता तोल सांभाळायची कमाल मर्यादा 9 मीटरच्या बोर्डाला ताशी 34 किलोमीटरच्या आसपास येते, 13 मीटरच्या बोर्डाला 41 आणि 20 मीटरच्या बोर्डाला 50. उतार आणि बोर्डाचं वाकणं यांमुळे आकडे इकडेतिकडे होतात, क्रम बदलत नाही. लहान त्रिज्येचा बोर्ड वेगात अंगावर येतो आणि मोठ्या त्रिज्येचा बोर्ड हळू गेलात तर वळायलाच तयार होत नाही.

शर्यतीच्या बोर्डाचा मोह इथेच आवरावा. स्नोबोर्डचा जायंट स्लालम 1998 च्या नागानो ऑलिम्पिकपासून आहे. चेक प्रजासत्ताकाच्या एस्टर लेडेत्स्काने समांतर जायंट स्लालमचं सुवर्ण 2018 आणि 2022 असं दोनदा जिंकलं. तसले 180 सें.मी.च्या वरचे, 20 मीटरच्या घरातल्या त्रिज्येचे बोर्ड शर्यतवाले काढून टाकतात तेव्हा स्वस्तात दिसतात. पण त्यांना रिकामा, रुंद, कडक उतार हवा. शनिवारी अकरा वाजता डेन्व्हर किंवा म्युनिकहून आलेल्या गर्दीत तो कुठून मिळणार? त्यात खालच्या माणसाचा हक्क पहिला, हा नियम आहेच.

लांबीला निवड उरत नाही असं वर म्हटलं, त्याचं गणित असं. सॉफ्टबूट बोर्डाची बर्फाला लागणारी एज 125 सें.मी. आणि त्रिज्या 9 मीटर धरली, तर साइडकटची खोली सुमारे 2.2 सें.मी. येते. कंबर 26.5 असेल तर टोकं 31 च्या आसपास. हार्डबूट बोर्डावर 150 सें.मी. एज आणि 13 मीटर त्रिज्या घेतली तरी खोली तेवढीच. पण 9 मीटर त्रिज्या तशीच ठेवून सॉफ्टबूट बोर्डाची एज 145 केली, तर खोली 2.9 होते आणि टोकं 32 च्या पुढे फुगतात. आधीच मंद असलेला बोर्ड आणखी मंद. पकड हवी म्हणून लांबी वाढवायची असेल, तर त्रिज्याही वाढवायला हवी.

कॅम्बरवर, म्हणजे बोर्डाच्या मधल्या वर उचललेल्या कमानीवर, फार डोकं शिणवू नका, दोन्हींत पूर्ण कॅम्बर आणि नाकाशी किंचित उचल पुरते. टायटॅनल, म्हणजे ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा पातळ पत्रा, कडक बर्फावर थरथर शोषून घेतो. मात्र जोरात आपटून वाकला तर वाकलेलाच राहतो. हार्डबूट बोर्डात तो जरूर घ्यावा. सॉफ्टबुटांत पहिल्या बोर्डाला नसला तरी चालतं.

तर निवड कुणी काय करावी? गर्दीच्या रिसॉर्टवर घरच्यांसोबत जाणारा, बूट न बदलणारा असेल, त्याने डोळे मिटून रुंद बोर्ड घ्यावा: तळपायाइतकी कंबर, 9 मीटर त्रिज्या. सकाळी लिफ्ट सुरू व्हायच्या आधी रांगेत उभा राहणारा आणि ताजा ग्रूम केलेला, म्हणजे यंत्राने सपाट दाबलेला, उतार दोन तास रिकामा मिळणारा माणूस असेल, तर हार्डबूट, 20 सें.मी. कंबर, 12 ते 13 मीटर. मी स्वतः दुसऱ्याच्या बाजूचा आहे, पण दहापैकी आठ जणांना पहिलाच सुचवेन. आणि फेब्रुवारीत गुलमर्गचा बेत असेल, तर यातला कुठलाच नेऊ नका. तिथल्या अफरवट डोंगरावरच्या भुसभुशीत बर्फात अरुंद बोर्डाचं नाक सरळ खाली जातं, आणि रुंद बोर्डाच्या कार्व्हिंगला तिथे कडक उतार कुठे आहे?

कोलोरॅडोतल्या डोनेकसारखे छोटे कारखाने ऑर्डर घेताना तुमचं वजन विचारतात, कारण बोर्ड किती कडक ठेवायचा ते त्यावर ठरतं. लग्नाच्या वेळचं नका कळवू, आजचं कळवा, जॅकेट आणि बुटांसकट. बुटांचा कंपनीने छापलेला साइज देण्यापेक्षा सोलची बाहेरून मोजलेली लांबी द्या, आणि दोन पायांमधलं अंतरही आत्ताच्या बोर्डावर टेप लावून मोजून पाठवा.