१२० ग्रॅमची स्क्वॉश रॅकेट : पावसाळा, हिवाळा आणि उन्हाळा वापरून झाल्यावर

हलकी रॅकेट घ्यावी का, हे कोर्टवर येणारा प्रत्येक नवा माणूस विचारतो आणि उत्तर देणारा प्रत्येक जण फ्रेमवर छापलेला आकडा सांगून मोकळा होतो. ११०, १२०, १३५. मी पावसाळ्याच्या तोंडावर १२० ग्रॅमची रॅकेट घेतली, आता उन्हाळा सरत आलाय, आणि आठवड्यातल्या बहुतेक सकाळी ती हातात असते. एवढ्या वापरानंतर माझं ठाम मत झालंय : तो आकडा एकटा काही सांगत नाही. वजन किती आहे यापेक्षा ते रॅकेटीत कुठं बसलंय हे आधी बघा, आणि मग आपला हात कसा फिरतो ते बघा.

कंपनीचं आणि मॉडेलचं नाव मी लिहीत नाहीये. मॉडेलं रंग आणि नावं बदलून येत राहतात. आकडे वाचता आले की कुठल्याही कंपनीची रॅकेट निवडता येते.

मी मूळची बॅडमिंटनवाली. शाळेपासून खेळत आले आणि चाळिशी ओलांडल्यावर स्क्वॉशकडे वळले. बॅडमिंटनची रॅकेट ८०-९० ग्रॅमची, त्यामुळं क्लबची जुनी ॲल्युमिनियमची रॅकेट हातात घेतली की चौथ्या गेमपर्यंत कोपराखालचा हात भरून यायचा. मनगटाला हलक्या वस्तूची सवय, म्हणून हलकी रॅकेट हवी हे पहिल्यापासून पक्कं होतं. किती हलकी आणि कशा प्रकारची, हे ठरवायला मात्र वेळ लागला.

कोल्हापुरात हे ठरवणं सोपं नाही. आपल्या गावात फुटबॉलसाठी पेठा जाग्या होतात, शाहू स्टेडियमवर तालमीतालमींची ईर्षा चालते, आणि खेळाच्या दुकानांतला मालही त्याच हिशेबानं भरलेला असतो. स्टड्स पाहिजे तेवढे, क्रिकेटच्या बॅटी, बॅडमिंटनच्या रॅकेटी. स्क्वॉशच्या एक-दोन टांगलेल्या दिसतात, त्यातली एखादी ॲल्युमिनियमची. हातात घेऊन, चार चेंडू मारून निवडायची सोय नाही. २०२३च्या ऑक्टोबरात मुंबईतच भरलेल्या आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीच्या अधिवेशनात २०२८च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकसाठी स्क्वॉश घेतलं गेलं. त्याच्या काही दिवस आधी हांगझोच्या आशियाई स्पर्धेत आपल्या पुरुष संघानं पाकिस्तानला हरवून सुवर्ण जिंकलं होतं, आणि त्या संघात मुंबईचा महेश माणगावकर होता. या सगळ्याचा परिणाम आपल्या दुकानांपर्यंत पोचावा अशी माझी मनापासून इच्छा आहे.

तोवर उपाय एकच : क्लबातल्या लोकांच्या रॅकेटी मागून खेळणं. मी सगळ्यांकडे मागितल्या आणि कुणीही नाही म्हटलं नाही. एक काका आहेत, साठी उलटलेले. त्यांची १४० ग्रॅमची जुनी रॅकेट हातात घेतली आणि गंमत अशी की ती माझ्या एका मैत्रिणीच्या १२५ ग्रॅमच्या रॅकेटीपेक्षा चपळ वाटली. काट्यावर जड, हातात हलकी. हे कोडं माझ्या धाकट्या भावानं सोडवलं. तो उद्यमनगरात मशिनिंगचं काम करतो, फिरणाऱ्या वस्तूंचा तोल साधणं हा त्याचा रोजचा विषय. दोन्ही रॅकेटी घेऊन त्याच्याकडे गेले तर म्हणाला, "आक्का, वजन किती ते नगं सांगू. वजन कुठं हाय ते बघूया."

त्यानं पोलादी पट्टीच्या धारेवर रॅकेट आडवी तोलून धरली, खूण केली आणि मुठीच्या टोकापासून अंतर मोजलं. रॅकेटीची पूर्ण लांबी ६८६ मिलिमीटर, म्हणजे मध्य ३४३ वर. काकांची रॅकेट मध्याच्या अगदी जवळ तोलली, म्हणजे इव्हन बॅलन्स. मैत्रिणीची ३७० च्या पुढं, म्हणजे चांगलीच हेड हेवी, डोक्याकडे जड. भावानं समजावून सांगितलं ते असं : रॅकेट आपण मुठीभोवती फिरवतो, त्यामुळं मुठीपासून दुप्पट लांब असलेला ग्रॅम फिरवायला चौपट जड पडतो. टोकाकडचे थोडे ग्रॅम मुठीजवळच्या पुष्कळ ग्रॅमना भारी पडतात. घेण्याआधी ही तपासणी प्रत्येकानं करावी. फूटपट्टीची कड आणि मोजपट्टी एवढंच लागतं.

दुसरी गोष्ट, छापलेलं वजन हे नुसत्या फ्रेमचं असतं. त्यात स्ट्रिंग नाही, ग्रिप नाही, डोक्यावरची बंपरची पट्टी नाही. माझी १२० ची रॅकेट सगळ्या सरंजामासकट भावाच्या काट्यावर १५५ ग्रॅमच्या आसपास भरली. तोल ३६५ वर, म्हणजे हेड हेवी, पण फार नाही. नियमात रॅकेटीला २५५ ग्रॅमपर्यंत मुभा आहे. आज बाजारात मिळणाऱ्या ग्राफाइटच्या सगळ्याच रॅकेटी त्या मर्यादेच्या कितीतरी खाली आहेत, तेव्हा "जड" म्हणून विकली जाणारी रॅकेटसुद्धा खरी जड नसते.

डोक्याचा आकारही महत्त्वाचा. गळ्यात आडवा पूल नसलेली, थेंबाच्या आकाराची रॅकेट घेतली की उभ्या स्ट्रिंग लांब होतात आणि चेंडूला जोर जास्त मिळतो. पूल असलेल्या रॅकेटीत जोर थोडा कमी पण चेंडू हवा तिथं जातो. हलक्या रॅकेटीत जोर आधीच आपल्याला पुरवायचा असतो, म्हणून मी थेंबाचा आकार घेतला. ही निवड बरोबर ठरली असं आजही वाटतं.

आता प्रत्यक्ष खेळात काय झालं ते.

पहिला फरक व्हॉलीत, म्हणजे टप्पा पडण्याआधीच चेंडू मारण्यात. टी वर, म्हणजे कोर्टच्या मधोमध रेषा मिळतात तिथं, उभं असताना समोरून वेगानं आलेला चेंडू आधी माझ्या बाजूनं निघून जायचा, आता रॅकेट वेळेत वर येते. कोर्टची लांबी ९.७५ मीटर, रुंदी ६.४ मीटर. एवढ्याशा जागेत विचार करायला वेळच नसतो आणि रॅकेट उचलायला लागणारा क्षणाचा अंशसुद्धा गुण देऊन जातो किंवा घेऊन जातो. व्हॉली लागायला लागली तशी मी मागं पळायची कमी झाले. माझ्या गुडघ्यांच्या दृष्टीनं हा सगळ्यात मोठा फायदा.

दुसरा फरक मागच्या कोपऱ्यात. चेंडू भिंतीला चिकटून मेला, म्हणजे उसळलाच नाही, की मागं झोका घ्यायला जागा नसते, नुसत्या मनगटावर तो काढावा लागतो. इथं हलकी रॅकेट सोन्यासारखी. बॅडमिंटनचं मनगट पहिल्यांदा कामाला आलं ते इथंच.

पण तेच मनगट ड्राइव्ह, म्हणजे मागच्या भिंतीपर्यंत जाणारा लांब फटका, मारताना आडवं येतं. बॅडमिंटनचं फूल पाच ग्रॅमच्या आसपासचं, स्क्वॉशचा चेंडू २४ ग्रॅमचा, शिवाय थंड असला तर मेलेला. हलक्या रॅकेटीच्या डोक्यात वस्तुमान कमी, त्यामुळं नुसता मनगटाचा झटका दिला तर चेंडू रॅकेटीलाच मागं ढकलतो आणि सर्व्हिस बॉक्सच्या आसपास, प्रतिस्पर्ध्याच्या पुढ्यात पडतो. आमचे कोच मला म्हणाले, "मॅडम, हे फूल नव्हे. खांद्यापासून या." जड रॅकेट अर्धवट स्विंगलाही थोडी साथ देते, हलकी देत नाही. पाठ वळवून, कोपर मागं नेऊन, पूर्ण स्विंग घ्यायला लागल्यावरच माझे चेंडू मागच्या भिंतीपर्यंत पोचू लागले. ज्यांना स्विंगवर मेहनत घ्यायची नाही त्यांनी १३५-१४५ ग्रॅममध्ये राहावं, असं मी स्पष्ट सांगेन.

ड्रॉपचंही, म्हणजे पुढच्या भिंतीजवळ अलगद सोडायच्या चेंडूचंही, तसंच आहे. पुढच्या भिंतीच्या तळाशी टिनची पट्टी असते, तिला चेंडू लागला की गुण गेला. आपल्या कोर्टवरची टिन ४८ सेंटीमीटर उंच, व्यावसायिक खेळाडूंसाठी ती ४३ वर आणलेली असते. त्या पाच सेंटीमीटरांची किंमत ड्रॉप मारताना कळते. हलकी रॅकेट मध्यापासून जरा बाजूला चेंडू लागला तरी हातात वळते आणि चेंडू टिनवर जातो. बोटांची पकड थोडी घट्ट आणि स्ट्रोक छोटा ठेवला की हे कमी होतं.

चेंडूबद्दल एक वेगळी नोंद करायलाच हवी. दोन पिवळ्या ठिपक्यांचा चेंडू तापला तरच उसळतो. डिसेंबर-जानेवारीत पंचगंगेकडून येणाऱ्या धुक्याच्या सकाळी तो लवकर तापत नाही, आणि तो तापवायला लागणारा मारा हलक्या रॅकेटीनं करायचा म्हणजे दमछाक. थंडीत आम्ही सरळ एका पिवळ्या ठिपक्याचा, जास्त उसळणारा चेंडू घेतो. त्यात कमीपणा काही नाही. रॅली लांबतात, खेळायला मजा येते. एप्रिल-मे मध्ये उलट, दोन ठिपक्यांचा चेंडू बघता बघता तापतो आणि या रॅकेटीचा खरा आनंद तेव्हा मिळतो.

गटिंगवर, म्हणजे रॅकेटीत स्ट्रिंग ओवून ताणण्यावर, जरा जास्त लिहिते, कारण रॅकेट बदलण्याआधी बऱ्याच लोकांनी फक्त गटिंग बदललं तर पुरेल. कारखान्यातून आलेली स्ट्रिंग मला निर्जीव वाटली, चेंडू लाकडी फळीवर आपटल्यासारखा आवाज यायचा. गटिंग करणारे कोल्हापुरात आहेत, पण त्यांच्याकडे येतात त्या बहुतेक बॅडमिंटनच्या रॅकेटी. तिथली स्ट्रिंग पाऊण मिलिमीटरहून बारीक, स्क्वॉशची सव्वा मिलिमीटरच्या आसपास. म्हणून स्ट्रिंगचं पाकीट आपलं न्यावं आणि फ्रेमवर छापलेली ताणाची मर्यादा कारागिराला बोट ठेवून दाखवावी. हलक्या फ्रेमच्या भिंती पातळ असतात, मर्यादेबाहेर ताण दिला तर फ्रेमलाच धोका. मी आधी २६ पौंड करून घेतलं, नंतर २३ वर आणलं. ताण कमी केला की चेंडू स्ट्रिंगवर किंचित जास्त वेळ राहतो आणि जास्त जोरानं सुटतो, जे हलक्या रॅकेटीला हवंच असतं. हाताला बसणारा झटकाही कमी झाला. ज्यांचं कोपर दुखतं त्यांनी रॅकेटीला दोष द्यायच्या आधी ताण उतरवून बघावा.

ग्रिपचं गणित पावसाळ्यानं शिकवलं. जुलैत आपल्याकडे आठवडा आठवडा ऊन दिसत नाही, कोर्टच्या भिंती ओलसर होतात, तळहात सुकत नाही. मूळ ग्रिपवर ओव्हरग्रिप, म्हणजे वरून गुंडाळायची पातळ पट्टी, चढवणं भागच पडतं. पण सहा ग्रॅमचा एक ओव्हरग्रिप मुठीवर आला की तोल साधारण सेंटीमीटरभर मुठीकडे सरकतो. माझी रॅकेट ३६५ वरून ३५५ च्या आसपास आली आणि मला ती तशीच जास्त आवडली. कुणाची हेड हेवी रॅकेट जड वाटत असेल तर नवी घेण्याआधी हा स्वस्तातला प्रयोग करून पाहावा. दोन ओव्हरग्रिप एकावर एक मात्र नकोत, मूठ जाड झाली की मनगट अडतं. आणि भिंतींना ओल आलेल्या दिवशी फरशीवर पाय सरकतो. त्या दिवशी खेळू नये.

टिकाऊपणा. बंपरवर ओरखडे भरपूर, बाजूच्या भिंतीला घासून रंग गेलाय, फ्रेमला तडा नाही. हलक्या फ्रेमा खेळताना बहुतेक दोन गोष्टींनी तुटतात : भिंतीवर जोरात आपटणं आणि समोरच्याच्या रॅकेटीशी टक्कर. अशा आघातानं तुटलेली रॅकेट सहसा वॉरंटीत बसत नाही, हे घेताना विचारून घ्या. मी बंपरवर पातळ संरक्षक टेप लावली आहे. तिनं टोकाकडे वजन वाढतं, म्हणून फक्त माथ्यावर, छोटा तुकडा. उन्हाळ्यात रॅकेट बंद गाडीत ठेवत नाही, उष्णतेनं स्ट्रिंगचा ताण उतरतो.

चष्म्याबद्दल न लिहिता हे संपवणार नाही. रॅकेट हलकी झाली की सगळ्यांचेच स्विंग वेगवान होतात आणि चेंडूचा व्यास फक्त ४० मिलिमीटर, म्हणजे डोळ्याच्या खोबणीत शिरेल एवढा. ज्युनिअर स्पर्धांमध्ये संरक्षक चष्मा सक्तीचा आहे, मोठ्यांनी स्वतःवर सक्ती करून घ्यावी. पॉलिकार्बोनेटचाच घ्या, नंबरचा रोजचा चष्मा चालत नाही.

ही रॅकेट कुणाला सुचवेन? बॅडमिंटनकडून आलेल्यांना, लहान चणीच्या बायकांना आणि मुलींना, टी वर उभं राहून व्हॉली खेळायला आवडणाऱ्यांना. नुकतीच सुरुवात केलेल्यांना नाही. त्यांनी आधी इव्हन बॅलन्सच्या, थोड्या वजनदार रॅकेटीवर स्विंग बसवावा. कुणाच्याही रॅकेटीची परीक्षा घेताना हवेत फिरवून बघू नका, हवेत सगळ्याच हलक्या रॅकेटी छान वाटतात. मागच्या भागातून भिंतीलगत सरळ ड्राइव्ह मारत राहा, हात दमेपर्यंत. दमल्यानंतरही चेंडू मागच्या भिंतीपर्यंत जात असेल तर ते वजन तुमचं. मैत्रिणीनं माझ्या रॅकेटीवर हेच करून पाहिलं, तिचा चेंडू मागं गेला नाही, आणि तिनं आपल्याच १२५ च्या रॅकेटीवर ओव्हरग्रिप चढवून २४ पौंडांचं गटिंग करून घेतलं. तिला आता नव्या रॅकेटीची गरज वाटत नाही.