गुडघ्याला नी कॅप की टेप?

शिवाजी पार्कला सकाळी धावणाऱ्यांचे गुडघे पाहिले की दोन तट सरळ दिसतात, काळ्या नी कॅपवाले आणि निळ्या-गुलाबी चिकट पट्ट्यांवाले, म्हणजे किनेसिओलॉजी टेपवाले. जानेवारीच्या मॅरेथॉनची तयारी पावसाळ्यात सुरू होते आणि गुडघ्याच्या वाटीभोवतीची कुरकुरही साधारण तेव्हाच. फिजिओने व्यायाम दिलेत, सोबत थोडा आधार घ्या म्हणून सांगितलंय, पण घ्यायचं काय ते ठरत नाही, अशांसाठी हे लिहितोय. मी दोन्ही वापरलंय.

नी कॅप सोपी. चढवली की काम झालं, रात्री धुऊन वाळत टाकली की पुन्हा तयार. दाब आणि ऊब दोन्ही मिळतात, जिना उतरताना धीर येतो. खाली वाकून पट्टी लावणं ज्यांना जमत नाही त्यांनी, विशेषतः घरातल्या वडीलधाऱ्यांनी, हीच घ्यावी.

माझं घोडं अडलं ते गुडघ्याच्या मागच्या बाजूला. मांडी खाली निमुळती होत जाते, त्यामुळे घाम आला की कॅपची वरची कड हळूहळू घसरते आणि मागच्या लवणीत कापडाची जाड वळी जमते. चालताना प्रत्येक पावलाला ती घासते. धावताना थांबून वर ओढता तरी येते, पण ऑफिसच्या पँटच्या आत, विरार लोकलच्या गर्दीत हात खाली नेण्याचीही सोय नसते. दादरच्या पुलावर चढेपर्यंत तिथली कातडी लालभडक झालेली असायची. साइज बदलून पाहिली. घट्ट कॅपने पोटरी आवळली, सैल आणखी लवकर खाली आली. कोरड्या हवेच्या गावात कदाचित हा त्रास इतका होत नसेल.

टेपला ही वळी नाही, मला तेवढंच पुरलं. जपानच्या केन्झो कासे यांनी १९७०च्या दशकात ही ताणली जाणारी सुती पट्टी बनवली आणि २००८च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये अमेरिकेची बीच व्हॉलीबॉलपटू केरी वॉल्श हिच्या खांद्यावर ती जगाला दिसली. सूज उतरते, रक्ताभिसरण वाढतं, असे मोठे दावे तिच्याबद्दल होतात, पण अभ्यासांतून त्यांना फारसा आधार मिळत नाही. वेदनेत पडणारा फरकही ताण न देता नुसत्या चिकटवलेल्या पट्टीपेक्षा फार मोठा दिसत नाही. मला तिचा फायदा जाणवतो तो कातडीवरच्या हलक्या ओढीचा. गुडघा आत वळायला लागला की ती ओढ लगेच कळते आणि पाऊल आपोआप सावरलं जातं.

मुंबईत टेप टिकवायची तर लावण्यात घाई नको. कातडीवर तेल, क्रीम, घाम काही नको. पट्टीचे चारही कोपरे कात्रीने गोल कापायचे, नाहीतर ते पँटला अडकून सुटतात. दोन्ही टोकांची दोन-दोन बोटं अजिबात न ताणता चिकटवायची, ताण फक्त मधे. मग तळव्याने चोळायचं, कारण गोंद उबेने धरतो. हे सगळं धावायच्या तासभर आधी. तीनेक दिवस निघतात, अंघोळीसकट. काढताना खोबरेल तेल लावून केसांच्या दिशेने सावकाश सोलायची.

खर्चात मात्र कॅप जिंकते, रोल संपत राहतो. खाज किंवा पुरळ आलं तर टेप लगेच काढा. जखमेवर लावू नका. मधुमेहाने पायाची संवेदना कमी झाली असेल किंवा पायात रक्ताची गुठळी झाली असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय दोन्हींपैकी काहीच नको. गुडघा सुजला असेल, अडकत असेल किंवा लचकून सुटत असेल तर आधी ऑर्थोपेडिककडे जा.

बाकी रोज लोकलने जाणारे, घाम येणारे असाल तर मी टेपकडे झुकेन. पहिली पट्टी फिजिओकडून लावून घ्या आणि तेव्हा गुडघा किती वाकवून ठेवायला सांगतात ते नीट बघून ठेवा.