जुनी डिझेल स्विफ्ट आणि यार्डवाल्याचा 'बाजारभाव'

कराड–सातारा रोज अप-डाऊन करणाऱ्याला डिझेल गाडीचं गणित कुणी शिकवावं लागत नाही. जाऊन-येऊन शंभर किलोमीटर, म्हणजे महिन्याला दोन हजारांच्या वर. पेट्रोल १०४ आणि डिझेल ९१ रुपये धरा, लिटरला पेट्रोल स्विफ्ट १६ आणि डिझेल २० देते असं धरा. दोन हजार किलोमीटरला पेट्रोलचे होतात तेरा हजार, डिझेलचे नऊ हजार शंभर. महिन्याला चार हजारांच्या आसपास फरक. म्हणून २०२५ च्या दिवाळीनंतर आम्ही जुनी डिझेल स्विफ्ट घेतली. २०१६ चं व्हीडीआय मॉडेल, पुणे पासिंग, मीटरवर ६८ हजार, मागणी ४ लाख ४० हजार, व्यवहार झाला ४ लाख १५ हजारांना. मीटर मागे घेतलेलं निघालं. खरं रनिंग पावणेदोन लाखांच्या पुढचं.

मीटर मागे घेतात हे शेंबड्या पोरालाही माहीत आहे. लॅपटॉप जोडला की काही मिनिटांचं काम, दोन-चार हजार घेऊन करून देणारे पैशाला पासरी. त्यावर लिहायला बसलो नसतो. मला लिहायचंय ते भावाबद्दल. ४ लाख १५ हजार हा भाव वाजवी आहे, याची मी जिथे जिथे खात्री करून घेतली ती प्रत्येक जागा यार्डवाल्यानेच, म्हणजे जुन्या गाड्या विकणाऱ्यानेच, मांडून ठेवलेली होती. काटा त्याचा आणि वजनंही त्याचीच.

पुणे–सातारा रस्त्यावरचं यार्ड, नाव घेत नाही. गेल्या गेल्या त्याने आमची गाडी दाखवलीच नाही. आधी दाखवली दिल्ली पासिंगची डिझेल स्विफ्ट, तीही २०१६ चीच, २ लाख ३० हजारांना. आणि मग स्वतःच म्हणाला, "दादा, ही मी तुम्हाला देणार नाही. घेऊ नका." दिल्लीत दहा वर्षं झालेल्या डिझेल गाड्यांवर हरित लवादाने आणि पुढे सुप्रीम कोर्टाने निर्बंध आणले. तेव्हापासून दिल्लीच्या गाड्या देशभर स्वस्तात पसरल्या, हे खरंच आहे. एनओसी (तिकडच्या आरटीओचा ना-हरकत दाखला) आणा, महाराष्ट्राचा रोड टॅक्स भरा, नवीन नंबर घ्या, आणि तिकडे भरलेल्या टॅक्सच्या परताव्यासाठी दिल्लीला खेटे घाला. हे सगळं त्याने आम्हाला इतकं व्यवस्थित समजावलं, की माणूस सरळ वाटला. त्या बोलण्यात एक शब्द खोटा नव्हता. पण दिल्लीवाली बघितल्यावर शेजारची एमएच-१२ वाली एकदम 'आपली' वाटायला लागते, आणि वरचे पावणेदोन-दोन लाख म्हणजे कटकट टाळल्याची किंमत वाटते. ती दिल्लीवाली विकायला ठेवलेली नव्हती, असं माझं आजचं मत आहे.

दुसरं, जाहिराती. जुन्या गाड्यांच्या साइटवर २०१५ ते २०१७ च्या डिझेल स्विफ्ट शोधल्या, तर पुण्याच्या आसपास चार लाख पंचवीस, चार लाख साठ, एक तर चार लाख पंच्याऐंशी. त्यात आपली चार पंधराला म्हणजे सौदा चांगलाच. नंतर तेच फोटो मोठे करून पाहिले. तीन वेगवेगळ्या नावांनी टाकलेल्या गाड्या, तिन्हींच्या मागे तीच निळा रंग उडालेली कंपाउंडची भिंत आणि भिंतीवरून डोकावणारी पाण्याची काळी टाकी. एक 'डॉक्टरांची गाडी', एक 'परदेशी जाणं असल्याने विकणे आहे', एक 'सिंगल हँड, अर्जंट'. यार्ड एकच. यातल्या महागड्या गाड्या विकल्या गेल्या नाहीत तरी त्याचं काही अडत नाही, भाव दाखवण्यापुरतं त्यांचं काम झालेलं असतं. शिवाय जाहिरातीत दिसतो तो मागितलेला भाव. गाडी खरोखर कितीला गेली हे कुठल्याच साइटवर येत नाही.

तिसरं मला सगळ्यात बेरकी वाटलं. त्याने इन्शुरन्सची पॉलिसी पुढे केली. नवीनच काढलेली, आयडीव्ही ३ लाख ९५ हजार. "कंपनीनेच किंमत दिलीय दादा, मी कोण सांगणार?" आयडीव्ही म्हणजे गाडी चोरीला गेली किंवा पार चेंदामेंदा झाली तर मिळणाऱ्या भरपाईची वरची मर्यादा. गाडी पाच वर्षांच्या आतली असेल तर त्यासाठी घसाऱ्याचा ठरलेला तक्ता असतो. पाच वर्षांनंतर हा आकडा विमा कंपनी आणि गाडीमालक आपसात ठरवतात. हजार-दीड हजार प्रीमियम जादा भरला की आयडीव्ही वर चढवून घेता येते. त्याने ती चढवून घेतली होती. वर त्या ऑनलाइन किंमत काढायच्या साइटची प्रिंट. त्या साइट वर्ष, मॉडेल, किलोमीटर विचारतात आणि आकडा देतात. किलोमीटर भरणारा कोण? तोच. घरी आल्यावर त्याच साइटवर १ लाख ८० हजार टाकून पाहिले, आकडा लाखाच्या वर खाली आला.

उघडकीस कसं आलं ते थोडक्यात सांगतो. महिन्याभरात चढाला गाडी ओढेना, क्लच जळल्याचा वास यायला लागला. कराडच्या आमच्या मेस्त्रीने गाडी रात्रभर ठेवून घेतली आणि सकाळी थंड इंजिन चालू केलं. पहिले काही सेकंद इंजिनातली टायमिंगची साखळी खडखडली, मागून निळसर धूर. चालू इंजिनवर ऑइलचं झाकण सैल करून नुसतं टेकवून ठेवलं तर ते थडथड उडायला लागलं आणि खालून वाफ. टर्बोकडून येणारा होज (रबरी पाइप) काढला तर आत ऑइल. मग दार उघडून त्याने मला वाकायला लावलं. क्लचच्या पेडलचं रबर नवं कोरं, आणि रबराच्या वरचा लोखंडी दांडा बुटाने घासून चांदीसारखा झालेला. "सर, हे सत्तर हजाराचं इंजिन नाही बोलत," एवढंच म्हणाला.

यार्डात ते का कळलं नाही? कारण दोन्ही वेळा आम्ही पोचलो तेव्हा गाडी 'आत्ताच धुऊन बाजूला घेतली' होती, म्हणजे गरम. गरम डिझेल इंजिन बरंच काही झाकतं. तेव्हा यार्डात पोचल्यावर आधी बोनेटला हात लावा. गरम लागलं तर चहा घ्या, घरी या, आणि न कळवता दुसऱ्या दिवशी सकाळी जा.

नंबर घेऊन मारुतीच्या सर्व्हिस सेंटरला गेलो. काउंटरवरच्या मुलाने नंबर टाकला, स्क्रीन माझ्याकडे वळवली. शेवटची नोंद मार्च २०२१ ची, रनिंग १ लाख ४३ हजार. त्यानंतर गाडी कंपनीत आलेलीच नाही. तीन-चार मिनिटांचं काम. हे काम टोकन देण्याआधी करता येतं. कुठे सांगतात, कुठे मालकाशिवाय माहिती देत नाहीत. मग विकणाऱ्यालाच सोबत घेऊन जायचं. तो टाळाटाळ करायला लागला तर तेवढं उत्तर पुरेसं आहे. ई-चलनंही बघा. आमच्या गाडीवर एक्सप्रेसवेवरची वेगाची चलनं ओळीने होती, वर्षानुवर्षं. महिन्याला सहाशे किलोमीटर फिरणाऱ्या गाडीला एवढी चलनं कुठून येतील?

सहाशेचा हिशोब मुद्दाम सांगतोय. ६८ हजार भागिले नऊ वर्षं, म्हणजे वर्षाला साडेसात हजार. २०१६ मध्ये डिझेल स्विफ्ट पेट्रोलपेक्षा लाखाच्या आसपास महाग होती. महिन्याला सहाशे किलोमीटर फिरणारा माणूस तो लाख कशाला मोजेल? मोजणारे असतात, नाही असं नाही, पण थोडे. डिझेल गाडी घेतलीच जाते पळवायला. म्हणून नऊ-दहा वर्षांची छोटी डिझेल आणि मीटरवर साठ-सत्तर हजार, ही जोडी दिसली की किलोमीटर खरे असल्याचा पुरावा विकणाऱ्याने द्यायचा. तोंडी 'जेन्युइन आहे' चालणार नाही.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगतो. पावणेदोन लाख पळालेली गाडी टाकाऊ असते असं मी म्हणत नाही. डिझेल स्विफ्टमधलं फियाटचं ते १२४८ सीसीचं इंजिन दणकट आहे, वेळेवर ऑइल बदललं असेल तर दोन-अडीच लाख सहज जातं. ही गाडी मला १ लाख ८० हजार चालली असं सांगून पावणेतीन लाखांना दिली असती तर मी आनंदाने घेतली असती, वर क्लच-टर्बोला पन्नास-साठ हजार बाजूला ठेवले असते. तेवढेच लागले, ६२ हजार. फसवणूक गाडीत कमी आणि आकड्यात जास्त झाली.

आणि त्या 'सोन्या'बद्दल. "मारुतीने डिझेल बंद केलं, आता ही गाडी मिळत नाही, सोनं आहे सोनं." मारुतीने एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ हे प्रदूषणाचे कडक नियम आल्यावर डिझेल बंद केलं, खरंय. नव्या हॅचबॅकमध्ये डिझेल आता टाटाच्या अल्ट्रोझशिवाय दिसत नाही, तेही खरं. पण सोन्याची आरसी, म्हणजे नोंदणी, पंधरा वर्षांनी संपत नाही. २०१६ ची गाडी २०३१ पर्यंत, पुढे फिटनेस, पुन्हा नोंदणी, पर्यावरण कर. म्हणजे आज घेणारा पाच-सहा वर्षांचं आयुष्य विकत घेतो. त्यात २२ सप्टेंबर २०२५ पासून नव्या छोट्या गाड्यांवरचा २८ टक्के जीएसटी आणि वरचा सेस जाऊन १८ टक्के झाला. नवी गाडी स्वस्त झाली की जुनीचाही भाव उतरायला हवा. यार्डवाल्यांच्या पाट्यांवर तो सगळीकडे उतरला असं मला दिसलं नाही. त्यांनी चढ्या भावात उचललेला माल आहे, तो त्यांना आपल्या गळ्यात मारायचाय.

आता भाव काढायची माझी रीत अशी आहे. त्याच वर्षाच्या, त्याच मॉडेलच्या पेट्रोल गाडीचा भाव आधी बघतो. डिझेलसाठी त्यावर किती जास्त द्यायचे ते माझ्या रनिंगवर ठरतं. महिन्याला दोन हजार असेल तर वर्षाला सत्तेचाळीस हजार वाचतात, मग पन्नास-साठ हजार जास्त द्यायला हरकत नाही. महिन्याला पाचशे असेल तर महिन्याकाठी हजारच्या आतच वाचतात, आणि एक इंजेक्टर गेला की वर्षाची बचत गेली. अशाने डिझेलकडे बघूच नये. त्यातून मेस्त्रीने सांगितलेली तातडीची कामं वजा. उरेल तो माझा भाव, मग यार्डवाला काही का म्हणेना. मेस्त्री आपला न्यायचा, त्याच्या ओळखीचा नाही. हजार-दोन हजार घेईल, सरळ द्यावेत.

कागदांचं सांगायचं राहिलं, आणि खरी गोम तिथे आहे. मालकी नावावर करायच्या फॉर्म २९ आणि ३० वर आम्हाला जी सही मिळाली ती पहिल्या मालकाची. तो माणूस आम्ही कधी पाहिलेला नाही. त्याने या कोऱ्या फॉर्मवर (यांनाच टीटी फॉर्म म्हणतात) सह्या करून यार्डला गाडी दिली आणि विषय सोडून दिला. पैसे गेले यार्डवाल्याच्या कुठल्याशा नातेवाइकाच्या खात्यात. पावती म्हणून 'डिलिव्हरी नोट', त्यावर बारीक अक्षरात 'गाडी जशी आहे तशी घेतली'. कागदोपत्री यार्ड या व्यवहारात कुठेच नाही. खरं तर १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्या विकणाऱ्या डीलरला परिवहन खात्याचं अधिकारपत्र लागतं, आणि मालक गाडी त्याच्या ताब्यात देतो तेव्हा तशी ऑनलाइन सूचना द्यावी लागते. ती दिली की गाडी विकली जाईपर्यंत डीलर तिचा मालक मानला जातो. हे अधिकारपत्र दाखवा म्हणा. आमच्या यार्डवाल्याने नंतर विचारल्यावर "प्रोसेसमध्ये आहे" असं सांगितलं.

जाब विचारायला गेलो तेव्हा त्याने 'जशी आहे तशी'वर बोट ठेवलं. पण '६८,००० जेन्युइन' लिहिलेल्या जाहिरातीचा स्क्रीनशॉट माझ्याकडे होता, व्हॉट्सअॅपवर त्याने पाठवलेला मीटरचा फोटो होता, आणि सर्व्हिस सेंटरची नोंद. आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार केली, मग वकिलाची नोटीस, मग जिल्हा ग्राहक आयोगात ई-जागृती या ऑनलाइन पोर्टलवरून दावा. आपण राहतो त्या जिल्ह्यात दावा लावता येतो, पुण्याला जायची गरज नाही. मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही, मुदत दोन वर्षांची. नोटीस मिळाल्यावर यार्डवाल्याचा फोन आला: चाळीस हजार परत देतो, मिटवून टाका. मी सव्वा लाख म्हटलं. त्याने फोन ठेवला. दावा चालू आहे, जाहिरातींचे स्क्रीनशॉट तारखेसकट जोडलेत, निळ्या भिंतीच्या तिन्ही गाड्यांचेसुद्धा.