नर्सेससाठीचा होलिस्टिक केअर ऑनलाइन कोर्स, घ्यावा का?

घ्या, पण सगळा सारखा नाहीये. सगळ्यात भारी मोड्यूल म्हणजे हर्बल आणि नेहमीची औषधं एकत्र घेतली की काय होतं ते. सेंट जॉन्स वॉर्ट (उदासीवर घेतात ती वनस्पती) चालू असेल तर वॉरफरिन (रक्त पातळ करणारं), सायक्लोस्पोरिन (अवयव बसवल्यावर देतात ते), गर्भनिरोधक गोळ्या यांचा परिणाम कमी होतो कारण लिव्हर ती औषधं लवकर संपवून टाकतं, आणि पेशंट हे आपणहून सांगतच नाहीत, "ते काय नैसर्गिकच आहे" म्हणून सोडून देतात, त्यामुळे हिस्टरी घेताना न रागावता कसं विचारायचं याची प्रॅक्टिस मस्त घेतलीय. मळमळीसाठी पी६ हा अ‍ॅक्युप्रेशरचा (दाब देण्याचा) पॉइंटही शिकवतात, मनगटाच्या आतल्या घडीपासून तीन बोटं कोपराकडे, मधल्या दोन शिरांसारख्या दोऱ्यांमध्ये (टेंडन हो), पण दाब किती द्यायचा ते व्हिडिओत कळत नाही, ते कुणीतरी हात धरूनच शिकवायला हवं. नर्सिंगच्या अभ्यासक जीन वॉटसन यांच्या केअरिंग थिअरीचं (पेशंटची माणूस म्हणून काळजी घेण्याचा विचार) लेक्चर म्हणजे नुसतं स्लाइड वाचन, स्पीड वाढवून बघा. रेकीचा (हात ठेवून ऊर्जा देतात म्हणे, तो) भाग मात्र नाही पटला, पुरावा कमकुवत आहे हे तोंडाने स्पष्ट सांगायला काय जातं? आणि हो, सर्टिफिकेट मिळालं म्हणून अ‍ॅक्युपंक्चरच्या सुया हातात घेऊ नका, त्याचं लायसन्स वेगळं असतं.